सावलीतला हिवाळा

माझी मुलगी अजूनही म्हणते, "आई, तू थंडीसाठी वर्ध्याला गेलीस हे मी ऑफिसमध्ये कुणाला सांगत नाही. लोकांना खरंच वाटत नाही." न वाटू दे. लोक समुद्र बघायला जातात, डोंगर बघायला जातात, देवदर्शनाला जातात. मी हिवाळा बघायला आले. त्यात न पटण्यासारखं काय आहे?

माझा सगळा संसार चेन्नईत झाला. नवरा रेल्वेत होता, हिशोबाच्या कचेरीत. आम्ही दोघंही इकडचेच. तो समुद्रपूरकडचा, मी हिंगणीची. लग्न ठरलं तेव्हा त्याने माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "दोन-तीन वर्षांची गोष्ट आहे, बदली करून घेतो." बदली झाली नाही. आधी त्याने अर्ज केले, मग मुलीची शाळा आली, मग मुलीचं कॉलेज आलं, आणि मग बदलीचं नाव काढणंच बंद झालं. तीस वर्षं बघता बघता निघून गेली.

चेन्नईला मी नावं ठेवणार नाही. त्या गावाने आम्हाला सांभाळलं. पण हवा! बारा महिने तेरा त्रिकाळ घाम. डिसेंबर उजाडला की आमच्या शेजारचे आजोबा कानाला मफलर गुंडाळून, वर माकडटोपी चढवून फिरायला निघायचे, आणि मी त्याच वेळी गॅलरीत पदराने वारा घेत उभी असायचे. ते मला विचारायचे, "थंडी वाजत नाही का?" मला हसावं की रडावं कळायचं नाही. मी त्यांना सांगायचे की आमच्याकडे हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली गोठते, सकाळी ती चुलीजवळ ठेवावी लागते. ते मान हलवायचे. घरी जाऊन बायकोला म्हणत असतील, ही बॉम्बेची बाई थापा मारते. तिकडे महाराष्ट्रातला माणूस म्हणजे बॉम्बेचाच. वर्धा कुठे आहे हे सांगून सांगून मी थकले आणि शेवटी बॉम्बे आंटी होऊन गेले.

बरं, माहेरी यायचो ते मे महिन्यात. सुट्टीच तेव्हा मिळायची. वर्ध्याचा मे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. स्टेशनवर उतरलं की तोंडावर झळ. दिवसभर खिडक्या बंद, कूलरसमोर सगळे आडवे. त्यामुळे माझ्या मुलीच्या लेखी वर्धा म्हणजे भट्टी. मी तिला हिवाळ्याच्या गोष्टी सांगायचे. अंगणातली शेकोटी, तुरीच्या उकडलेल्या शेंगा, तोंडातून निघणारी वाफ. ती ऐकायची, पण परीकथा ऐकावी तशी. तेलाच्या बाटलीवर तर तिचा कधीच विश्वास बसला नाही.

नवऱ्याचा मात्र बसायचा. त्याने ती बाटली पाहिलेली होती ना! रात्री लाइट गेली की आम्ही दोघं अंधारात पडून हिवाळा आठवायचो. तो म्हणायचा, "सकाळी हातपाय धुवाले गेलो का पानी असं झोंबे!" मी म्हणायचे, "आणि रजईतून पाय बाहेर काढायची हिंमत व्हायची नाही." मग लाइट यायची, पंखा फिरायला लागायचा आणि आमचं भांडण सुरू व्हायचं. पंख्याखालची नेमकी जागा मीच पकडते असं त्याचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. "सरक नं जराशी, पुरा वारा तूच खाऊन राह्यली!" तीस वर्षं रोज रात्री हे एक वाक्य. कचेरीत तो शुद्ध बोलायचा, इंग्रजी बोलायचा, तमिळही मोडकंतोडकं बोलायचा. पंख्याखाली आला की समुद्रपूरचा.

ठरलेलं असं होतं की तो रिटायर झाला की दिवाळीनंतर निघायचं, होळी करून परतायचं, सबंध हिवाळा वर्ध्यात काढायचा. त्यासाठी त्याने वर्ध्यात एका लहानशा इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्याही घेऊन ठेवल्या होत्या. रिटायर व्हायला थोडे महिने राहिले होते. एका सकाळी तो उठलाच नाही. डॉक्टर आले, शेजारी आले, मुलगी आणि जावई धावत आले, आणि या सगळ्यात पंखा चालूच होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

नंतर मुलीकडे राहायला गेले. चांगली आहे माझी मुलगी, जावईही चांगला. मला वेगळी खोली दिली, तिला एसी बसवला. तो लावून मी पडायचे. खोली गार व्हायची, पण ते काही खरं नव्हे. बटण दाबून आलेली थंडी, बटण दाबून गेलेली. पुढच्या गणपतीत मी सांगून टाकलं, "मी वर्ध्याला जाते." मुलीने डोक्याला हात लावला. "एकटी?" "एकटी." "कशाला?" "हिवाळ्याला." खूप वादावादी झाली. शेवटी असं ठरलं की मी थंडीपुरती जायचं. थंडी संपली की तिने तिकीट काढायचं आणि मी मुकाट्याने यायचं, आणि मग वर्ध्याच्या त्या दोन खोल्या विकून टाकायच्या. उगाच कुलूप लावून ठेवण्यात अर्थ नाही, असं जावई म्हणाला. बराबर होतं त्याचं. मी हो म्हणाले. एक हिवाळा तर एक हिवाळा.

सामानात एक रजई होती. लग्नात वडिलांनी दिलेली, मामाच्या शेतातल्या कापसाची, चांगली दोघांना पुरेल अशी. चेन्नईत ती डांबरगोळ्या घालून ट्रंकेत पडली होती. एकदाही अंगावर घेतलेली नव्हती. कापूस दडपून दडपून पार गोळा झाला होता. वर्ध्यात आल्यावर बजाज चौकाकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक पिंजारी बसतो, त्याच्याकडे ती नेली. त्याने चाचपून पाहिलं आणि विचारलं, "बाई, डबलची आहे. दोन सिंगल करून देऊ का? एकाले भारी पडते." मी फटकन म्हणाले, "जशी आहे तशी भरा. तुम्हाला कुणी विचारलं एकाला की दोघांना?" बिचारा! त्याला काय माहीत. त्याने कापूस असा पिंजून दिला की रजई फुगून पलंगभर झाली. मी पहिल्यांदा ती पांघरली तेव्हा दोन्ही बाजूंनी गार वारा आत शिरला. एका माणसाने डबल रजई ऊबदार होत नाही. मग मी पलंगाच्या मधोमध झोपायला लागले. तशी ती जरा अंगाला बसायची.

हिवाळा आला, अगदी मला हवा तसा आला. कोजागिरी झाल्यावर संध्याकाळ जरा लवकर यायला लागली. पहाटे पंखा बंद करावासा वाटला, मग रात्रीच बंद केला, मग त्याच्याकडे बघायचंही बंद केलं. बाजारात आधी हिरवी वांगी आली, मग मुळे, मग संत्र्यांचे ढीग, मग तुरीच्या शेंगा. रस्त्याने कापसाच्या गाड्या जायला लागल्या आणि काटेरी झुडपांना पांढरे पुंजके लटकले. चेन्नईत मला महिना कळायचा तो कॅलेंडरवरून. इथे नाकाला कळायला लागला. आणि एका सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तर थेंब पडेना! मी वेड्यासारखी एकटीच हसले. बाटली घेऊन बाहेरच्या खोलीत गेले आणि नवऱ्याच्या फोटोसमोर उलटी धरून दाखवली. मग लक्षात आलं की मी काय करतेय, आणि तिथेच खाली बसून भरपूर रडले.

मुलीला बाटलीचा फोटो पाठवला. तिने लिहिलं, "छान! स्वेटर घाल." एवढंच. तिचा काय दोष? तिला त्यात काय दिसणार.

आता आमच्या अंगणाबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. इमारत तीन मजली. समोर मोकळं अंगण, एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला आंब्याचं जुनं झाड. मी आले तेव्हा ऑक्टोबर होता आणि ऊन चटके देत होतं. म्हणून मी सकाळची कामं आटोपली की प्लास्टिकची खुर्ची घेऊन आंब्याखाली बसायचे, पेपर वाचायचे. तेव्हा अंगणात दुसरं कुणी नसायचं. हळूहळू थंडी पडली आणि बायका खाली उतरायला लागल्या. वरच्या मजल्यावरची एक म्हातारी, जिला सगळे मावशी म्हणतात. तिची सून, कडेवर तान्हं मूल. शेजारच्या दारातली एक शिक्षिका, तिची शाळा दुपारची. या तिघी भिंतीपाशी सतरंजी टाकायच्या. तिथे सकाळचं ऊन स्वच्छ पडायचं. सून बाळाला तेल लावून उन्हात शेकवायची, मावशी तुरीचे दाणे सोलायची, शिक्षिका पाठ उन्हाकडे करून वह्या तपासायची. ऊन सरकलं की सतरंजी सरकायची. हसणं, बोलणं, बाळाचं ओरडणं. मी आंब्याखाली, पेपर धरून.

मी का गेले नाही? आधी मला वाटलं, बोलावतील. चेन्नईत आमच्या इमारतीत कुणाकडे जायचं तर आधी फोन, मग बेल, मग "येऊ का?" तिथल्या तीस वर्षांनी अंगात ते पक्कं मुरलं होतं. बोलावल्याशिवाय जाऊन बसायचं म्हणजे घुसल्यासारखं. त्यात एकदा जिन्यात मावशींचा आवाज ऐकू आला, "ते खालची मद्रासवाली बाई..." पुढचं ऐकायला मी थांबले नाही. घ्या! तिकडे बॉम्बेवाली, इकडे मद्रासवाली. माझं गाव म्हणून काही उरलंच नाही.

आणि खरं सांगायचं तर माझा हेका होता. मी थंडी खायला आले होते. उन्हात बसून ती घालवायची कशाला? एवढ्या लांबून आले ती काय ऊन खायला? ऊन चेन्नईत काय कमी होतं? मी सावलीत स्वेटर घालून, कानाला स्कार्फ बांधून, कुडकुडत बसायचे आणि मनाशी म्हणायचे, हं, ही खरी थंडी. आंब्याच्या पानांवरचं दव टपटप पेपरवर पडायचं. हात असे गारठायचे की पान उलटता यायचं नाही. एकदा समोरून सुनेने हात हलवला. मीही हलवला. छान वाटलं, कुणीतरी नमस्कार केला म्हणून. ती थोडा वेळ तशीच बघत राहिली आणि मग बाळाकडे वळली. पुढेही दोन-तीनदा असंच झालं.

डिसेंबर संपता संपता मला सर्दी झाली, खोकला झाला. रात्रभर खोकायचे आणि सकाळी पुन्हा आंब्याखाली. मुलगी फोनवर ओरडायची, "बघ, सांगत होते ना? किती एकटी पडलीयेस ते आवाजावरून कळतंय." मी म्हणायचे, "एकटी कसली, अंगण भरलेलं असतं." ते खोटंही नव्हतं.

संक्रांतीला शिक्षिकेच्या घरी हळदीकुंकू होतं. जिन्यातून बायका वर-खाली करत होत्या, बांगड्यांचे आवाज येत होते. मला कुणी बोलावणार नाही हे मला ठाऊक होतं, कुणी बोलावलंही नाही, आणि तरी मी साडी बदलून बसले होते. संध्याकाळी सून तिळगूळ घेऊन दारात आली. म्हणाली, "घ्या काकू, गोड बोला." मी तिळगूळ घेतला, तिच्या हातावर ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून ओशाळून पटकन "थँक यू" म्हटलं आणि गार वारा येतो म्हणून दार लावून घेतलं. लावल्यावर कळलं, काय केलं ते. पण लावलेलं दार लगेच पुन्हा कसं उघडायचं?

जानेवारीच्या शेवटी मी एक दिवस हिंगणीला जाऊन आले. सकाळची एसटी, खिडकीच्या काचेवर धुकं. वडील जंगल खात्यात कारकून होते. आमचं क्वार्टर होतं तिथे आता कुलूप होतं आणि दारात गवत वाढलेलं. ओळखीचं कुणी भेटलं नाही. एका घराच्या भिंतीला टेकून पाच-सहा बायका उन्हात बसल्या होत्या, कुणी निवडतेय, कुणी विंचरतेय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मी रस्त्याच्या सावलीच्या बाजूने पुढे निघून गेले. चेन्नईत पायांना तशी सवय लागते. रस्त्याची कुठली बाजू सावलीची, हे डोक्याला विचारावं लागत नाही. परतीच्या एसटीत मला फार वाईट वाटत होतं. वाटलं, मी ज्या हिवाळ्याच्या गोष्टी सांगत होते तो असा नव्हता. यात नुसती थंडी आहे, बाकी काहीच नाही. की मीच खोटं आठवत होते? विचारायला आता कोण होतं?

फेब्रुवारी आला. दुपारी स्वेटर नको झाला. सेलूच्या रस्त्याला पळस फुलल्याचं शिक्षिकेने कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं. आंब्याला मोहर आला आणि खुर्ची चिकट व्हायला लागली. एका सकाळी तेलाची बाटली पाहिली तर तेल पातळ झालं होतं. मी तशीच बाटली हातात धरून उभी राहिले. झालं, संपलं. मुलीने सांगितलेलं होतं, थंडी संपली की कळव. खोटं बोलायचं म्हटलं तरी किती दिवस बोलणार? संध्याकाळी मी सांगितलं, "संपली बरं का थंडी." तिला बरं वाटलं. म्हणाली, "जीटी एक्सप्रेसचं बघते. उद्या रात्री फोन करते, नक्की करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी आंब्याखाली बसले. सामान काय न्यायचं, भांडी कुणाला द्यायची याचा विचार चालू होता. रजईचं काय करायचं, ते कळत नव्हतं. समोर तिघी भिंतीपाशी येऊन बसल्या. थोड्याच वेळात सूनबाई बाळाच्या डोक्यावर पदर धरायला लागली. मावशीने कपाळाला हात लावून आभाळाकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, सतरंजी ओढली, आणि तिघी बाळासकट, सुपासकट, वह्यांसकट अंगण ओलांडून थेट माझ्याकडे आल्या. मी बघतच राहिले. सतरंजी माझ्या खुर्चीला लागली. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"सरका नं बाई जराशा, पुरी सावली तुमीच खाऊन राह्यल्या!"

मी खुर्ची सरकवली. मग वाटलं खुर्चीवर कसं बसायचं, म्हणून खुर्ची बाजूला ठेवून सतरंजीवर बसले. मावशीने सूप माझ्याकडे ढकललं, वाटाणे होते. मी सोलायला लागले. मग मावशी म्हणाली,

"एक इचारू का? राग नोका मानू. थंडीभर तुमी या सावलीत काऊन बसल्या? आमाले वाटे का तुमाले आमच्यात बसाचंच नाई."

"मला वाटलं, तुम्ही बोलावत नाही," मी म्हणाले.

"अवो!" मावशीने हातातली शेंग खाली ठेवली. "उनात बसाले बलावा लागते का? ऊन का कोनाच्या बापाचं हाये?"

"मी किती वेळा हात केला तुम्हाला," सून म्हणाली. "तुम्हीपण हात हलवायच्या आणि बसून राहायच्या. मग मी म्हटलं, जाऊ दे, नसेल यायचं."

शिक्षिका हसायला लागली. मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता खोकला आला, आणि मावशी म्हणाली, "पाहा, थंडी भरली छातीत. तीन मयने सावलीत बसल्यावर काय होईन?" आणि माझ्या पाठीवर थाप मारायला लागली. कुणाचा हात पाठीला लागून मला किती दिवस झाले होते!

तेवढ्यात मला आई आठवली. हिंगणीच्या क्वार्टरच्या ओट्यावर, पाठ उन्हाकडे, मांडीवर माझं डोकं, माझ्या केसांत तेच वितळवलेलं खोबरेल तेल. शेजारच्या बायका न बोलावता येऊन बसायच्या. रात्रीची थंडी कुणी चघळत बसायचं नाही, ती सोसायची असायची. सगळा हिवाळा असायचा तो सकाळच्या त्या उन्हात, एकमेकींना टेकून. मी तीस वर्षं थंडीच्या गोष्टी सांगत राहिले आणि ऊन साफ विसरले. नवराही विसरला. घामेजून झोपलेल्या माणसांना उन्हाची आठवण कशाला येईल?

"आता तुमी जानार म्हने?" मावशीने विचारलं. कुठून कळलं देव जाणे. भिंती पातळ आहेत आमच्या.

"मुलगी तिकीट काढतेय."

"मंग कायले आलत्या?"

"हिवाळ्यासाठी."

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. "हिवाळा कुठी पाह्यला तुमी?" ती म्हणाली, आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागली.

रात्री मुलीचा फोन आला. "आई, शनिवारचं मिळतंय. खालचा बर्थ. काढू ना?"

"नको काढू."

"म्हणजे? काल तर म्हणालीस थंडी संपली."

"संपली. पण माझा हिवाळा व्हायचा राहिला." तिला कळलं नाही, कळणारही नव्हतं, म्हणून मी सगळं सांगितलं. आंबा, भिंत, सतरंजी, हात हलवणं. शेवटी ती म्हणाली, "आई, पण आता मधे उन्हाळा आहे. वर्ध्याचा."

"माहीत आहे. सावलीची जागा मीच धरून ठेवली होती, आता सगळ्या तिथेच येणार आहेत."

"आणि घर?"

"घर राहू दे. पुढच्या दिवाळीनंतर तू ये. बाटली दाखवते."

ती हसली की रडली, मला फोनवर कळलं नाही. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

मग मी रजई झटकली, डांबरगोळ्या घातल्या आणि ट्रंकेत ठेवली. खोलीत उकडत होतं. कोजागिरीनंतर पहिल्यांदा पंखा लावला. त्याने धूळ उडवली, मग घरघरत फिरायला लागला. थंडीभर मला पलंगाच्या मधोमध झोपायची सवय लागली होती, तशीच आडवी झाले. सगळा वारा माझ्याच अंगावर येत होता. थोड्या वेळाने मी भिंतीकडे सरकले.